खंडेनवमीला उघडलेली गाडी

आमच्या घरात सकाळ व्हायची ती डंकाच्या आवाजाने. मिरची कुटायचा तो डंक सोप्यातच बसवलेला होता आणि एकदा सुरू झाला की धप-धप करत भिंतीवरची कॅलेंडरंसुद्धा हलवायचा. गल्लीतून जाणारा माणूस, ओळखीचा असो की परका, आमच्या दारासमोर एकदा तरी शिंकूनच पुढे जायचा. शिवाजी पेठेत येऊन कुणी आमचं घर विचारलं तर लोक सांगायचे, "सरळ जावा, शिंक आली की थांबा." आई कांदा-लसणाची चटणी करायची. रंगाला ब्याडगी, ठसक्याला लवंगी, मग भाजलेलं खोबरं, तीळ, धने, आणि शेवटी कच्च्या लसणाचा तो उग्र, हवाहवासा वास. तो वास आमच्या अंथरुणांना, वह्यांना, माझ्या वेणीलासुद्धा यायचा. कॉलेजात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला मधल्या सुट्टीआधीच भूक लागायची आणि ती त्याचा दोष मला द्यायची. मीही तो आनंदाने घ्यायचे.

संध्याकाळ व्हायची ती आण्णांच्या गाडीच्या आवाजाने. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची छोटी डिझेलची गाडी होती, दोन मालकांच्या हातून फिरून आमच्याकडे आलेली. मूळची पांढरी, पण आमच्या दारात राहून राहून तिलाही चटणीची लाली चढली होती. गल्लीच्या तोंडाशी वळली की तिचा घोगरा आवाज यायचा आणि आई गॅसवर आमटी ठेवायची. आठवड्यातले काही दिवस गाडी आईच्या चटणीच्या बरण्या घेऊन पेठ वडगावला, आजऱ्याला जायची; उरलेले दिवस आण्णा भाड्याने माणसं न्यायचे. मला त्यांनी त्याच गाडीवर शिकवलं. पहाटे रंकाळ्याच्या कडेने, शेजारच्या सीटवर बसून, एक अक्षर न बोलता. चुकलं की ते फक्त खिडकीबाहेर बघायचे. ओरडणाऱ्या बापापेक्षा खिडकीबाहेर बघणारा बाप जास्त शिकवतो, असं माझं अजूनही मत आहे.

मग त्या वर्षी, गणपती बसायच्या थोडं आधी, आण्णांचा उजवा हात आणि उजवा पाय एकाएकी परका झाला. दवाखाना, गोळ्या, मालिशवाले हे सगळं मी इथे लिहीत नाही; ते प्रत्येक घरात थोड्याफार फरकाने सारखंच असतं. जीभ जड झाली आणि मुळातच कमी बोलणारा माणूस आता एकेक शब्द ओढून काढू लागला. कान मात्र जास्तच तिखट झाले. सोप्यातल्या खुर्चीवर बसून ते गल्लीतल्या गाड्या ओळखायचे. कुणाच्या रिक्षाचा पट्टा सैल आहे, कुणाचा सायलेन्सर फुटलाय, हे त्यांना घरबसल्या कळायचं. आजऱ्याची फेरी आता मी करू लागले. शेजारी आई, मागे बरण्या, आणि वाटेत निपाणीला चहा. खरं सांगायचं तर घरावर एवढं संकट असतानाही ते दिवस मला आवडायचे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आमच्या थोरल्या काकांना मात्र ते आवडत नव्हतं. काका म्हणजे आण्णांचे थोरले भाऊ, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. आण्णांनी जन्मात कधी त्यांच्यापुढे मान वर केली नव्हती. "दादा म्हणतोय" एवढ्यावर आमच्या घरातले सगळे विषय संपायचे. काका वाईट नव्हते. ते तेव्हाही मला कळत होतं, म्हणून तर राग जास्त यायचा. वाईट माणसाशी भांडता येतं, आपल्या भल्याचं बोलणाऱ्याशी काय भांडणार? ते एका संध्याकाळी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "गाडीला गिऱ्हाईक लागलंय. वडगावचं पावणं हायत. दसऱ्याच्या मुहूर्तावर न्यायची म्हंत्यात. चटणीचं माझ्याकडं सोपवा, माझा दोस्त हाय व्यापारी, तो दारातनं उचलंल. पोरगीच्या जातीनं किती दिस गाडी मारत बसायचं? उद्या बघायला येणाऱ्यास्नी काय सांगायचं?"

त्या व्यापाऱ्याला मी ओळखत होते. तो सगळ्या घरांतून चटणी उचलायचा, एका पिंपात घालायचा आणि त्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावायचा. आईच्या बरण्यांवर आईचं नाव असायचं, तिने स्वतः लिहिलेलं, मोडक्यातोडक्या अक्षरात. गाडी गेली की ते नाव गेलं. आणि माझ्या हातातलं स्टिअरिंग गेलं की मी उरणार होते फक्त बघायला येणाऱ्यांपुढे पोहे घेऊन जाण्यापुरती. मी आण्णांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

त्यातच गाडीने दगा दिला. दुसऱ्या दिवशी चाकात हवा बघायला वाकले तर पुढच्या डाव्या चाकाची आतली बाजू काळीकुट्ट. जाडसर, चिकट ग्रीस सगळीकडे उडालेलं. समोरच शौकतभाईंचं गॅरेज होतं. ते आण्णांचे दोस्त, आणि मी लहान असल्यापासून माझ्यावर ओरडायचा हक्क असलेले. ते गुडघ्यावर बसले, आत बोट घातलं आणि चिडून माझ्याकडे बघितलं, जसं काही हे मीच केलं होतं.

"एक्सलचं रबर फाटलंय. हे बघ, घड्या-घड्यांचं बूट असतंय, त्याच्या आत जॉइंट, जॉइंटात गोळ्या. बूट फाटलं की ग्रीस भाईर आन माती आत. मग वळताना कट-कट वाजतंय. वाजाय लागलं की खेळ खलास. आख्खा एक्सल बदलायचा."

"आख्खा न्हाय परवडत," मी म्हणाले.

"ते मला म्हाईत हाय. वाजलीया का कधी?"

"एकदा. गंगावेशीत, पूर्ण वळवताना. वाजली का मला भास झाला, कळंना."

"मग गेलाच आसंल." शौकतभाई कपड्याला हात पुसत उठले. "उघडल्याबिगर सांगता येत न्हाय. आत साफ आसंल तर निस्तं बूट आन ग्रीस घालून भागंल, स्वस्तात. पर आत्ता मला सवड न्हाय. दसऱ्याच्या आधी सगळ्यास्नीच गाड्या करून पायजेत. दसरा झाला की ये."

"दसरा झाला की गाडीच न्हाय ऱ्हात."

"मग तूच उघड जा."

ते चेष्टेने म्हणाले. मी म्हणाले, "पानं द्या." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. आमच्याकडे बायकाही 'जातो-करतो'च म्हणतात, तशी मी त्यांना ठणकावून सांगितलं, "मी करतो. तुम्ही इथनं निस्तं वरडा. वरडायला तर सवड हाय न्हवं?" त्यावर ते हसले, आणि पान्यांची एक पिशवी माझ्या अंगावर फेकल्यासारखी ठेवून दिली.

त्या संध्याकाळी काका पुन्हा आले तेव्हा मी त्यांच्यासमोरच सांगून टाकलं. गाडी मी दुरुस्त करणार, दसऱ्याला चटणी घेऊन आजऱ्याला जाऊन येणार. काका मोठ्याने हसले. "आन वाटंत वाजली तर?" मी काही बोलायच्या आत खुर्चीतून आवाज आला. आण्णा एकेक शब्द उचलून ठेवत होते. "वाजली... तर द्या, दादा. न्हाय वाजली..." पुढचा शब्द काही केल्या येईना. काका म्हणाले, "बरं बरं, दसऱ्याला पावण्यांस्नी घिऊनच येतो." पण मला तेवढं पुरेसं होतं. दार पूर्ण बंद झालं नव्हतं.

अष्टमीला दुपारी आम्ही गाडी उघडली. आम्ही म्हणजे मी, आई आणि आण्णा. चाकाच्या मधोमध जो मोठा नट असतो तो गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो आणि कुणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो. आण्णांना धरून आम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. आजारपणानंतर पहिल्यांदाच ते तिथे बसत होते. उजवा पाय कामाचा नव्हता, म्हणून डावा पाय उचलून त्यांनी ब्रेकवर ठेवला आणि डोळे मिटून दाबला. मी पान्याला लांब पाइप लावला आणि लोंबकळले. नट ढिम्म. पलीकडून शौकतभाई ओरडले, "जोर लाव की! जेवलीस न्हाईस व्हय?" मग आईने पदर खोचला. वर्षानुवर्षं मिरचीची पोती उचललेले ते हात. तिने पाइपवर हात ठेवले, एकदा माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघींनी मिळून अंग टाकलं. कट्ट असा आवाज आला आणि मी रस्त्यावर बसले. मला वाटलं काहीतरी मोडलं. आत आण्णा हसत होते. वाकडं, अर्ध्या तोंडाचं, पण हसत होते.

बाकीचं काम संध्याकाळपर्यंत झालं. गाडी लाकडी ओंडक्यावर टेकवली, चाक काढलं, खालचे जॉइंट सोडवले. गिअरचं तेल वाया जाऊ नये म्हणून खाली आईचं जुनं पातेलं धरलं आणि एक्सल ओढून बाहेर काढला. पोत्यावर ठेवून शौकतभाईंच्या सांगण्याबरहुकूम लॉकची रिंग काढली, हातोडीने ठोकून जॉइंट वेगळा केला आणि फाटकं बूट उतरवून टाकलं. अंधार पडत होता. माती-ग्रीसच्या काल्यात गोळ्या कशा आहेत ते दिसत नव्हतं. नवीन बूट दुसऱ्या दिवशी आणायचं, साफ करायचं आणि दुपारपर्यंत गाडी जोडून टाकायची, असा माझा बेत होता. दुसऱ्या दिवशी कोणती तिथी आहे हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही ते माझ्या डोक्यात आलं नाही.

नवमीला सकाळीच मी उद्यमनगरात गेले. दुकानदाराने दोन बूट पुढे टाकले. एक फारच स्वस्त, पण बोटाने दाबलं तर प्लॅस्टिकसारखं कडक. दुसरं थोडं महाग आणि मऊ. कडक रबर घड्या पडतात तिथेच चिरतं, हे शौकतभाईंनी बजावलं होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, जुन्या गाडीला एवढं कशाला?" मी म्हणाले, "जुनी हाय म्हणूनच." मऊ बूट घेतलं, ग्रीसची पिशवी घेतली, बूट आवळायच्या पट्ट्या घेतल्या, आणि बचत म्हणून उद्यमनगरापासून पेठेपर्यंत चालत आले.

दारात आले आणि पाय जागेवर थांबले. अंगणात सडा, रांगोळी. पाटावर लाल कापड, आणि त्यावर आमच्या घरातलं प्रत्येक हत्यार. विळी, अडकित्ता, डंकाचा पाना, कोयता, आणि त्यांच्या शेजारी चिंचेने घासून लखलखीत केलेले शौकतभाईंचे सगळे पाने, पकड, हातोडी, एवढंच काय, जॅकसुद्धा. सगळ्यांवर हळद-कुंकू, झेंडूची फुलं, पुढे उदबत्ती. आणि ओंडक्यावर तीन चाकांवर उभ्या असलेल्या गाडीच्या नाकाला हार. खंडेनवमी. आमच्याकडे या दिवशी हत्यारांची पूजा होते, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी ती उतरेपर्यंत कुठल्याच हत्याराला हात लावायचा नाही. त्या दिवशी हत्यार विश्रांती घेतं. आई कौतुकाने म्हणाली, "तुझी बी सगळी घासून घातली बघ. एकबी भाईर ठिवलं न्हाय."

मी जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी पाटाकडे गेले आणि पकडीला हात घालणार तोच आण्णांनी जमिनीवर काठी आपटली. "नगं." मी शौकतभाईंकडे धावले. तिथेही तेच. गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं, आत झेंडूच्या माळा, मधोमध पाने मांडलेले, आणि शौकतभाई नवा सदरा घालून पेढे वाटत होते. माझं ऐकून त्यांनी कानाला हात लावला. "माझ्या बापानं कधी मोडलं न्हाय, मी मोडू व्हय? उद्या पूजा उतरली की ये. आज माझ्याकडनं स्क्रू-ड्रायव्हरबी मिळायचा न्हाय." वाटेत काका भेटले. गाडीच्या हाराकडे बघून म्हणाले, "बघ, देवाच्याच मनात न्हाय."

मी पायरीवर बसून रडले. रागाने रडले, दुःखाने नाही. दोन्हीत फरक असतो आणि तो मला चांगला कळतो. आई काही वेळ आत-बाहेर करत राहिली. तिला आपली चूक समजली होती, पण पूजा मोडणं तिच्या हिशेबात बसत नव्हतं, आणि गाडी जाणंही बसत नव्हतं. शेवटी ती जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन आली, पोत्यापाशी मांडी घातली आणि त्या काळ्या चिखलातला जॉइंट उचलून मांडीवर घेतला.

"आई, आज हात लावायचा न्हाय न्हवं?"

"हत्याराला न्हाय. हे काय हत्यार हाय? हा गाडीचा अवयव हाय." तिने शांतपणे सांगितलं. "डिझेल आण. हातानं जेवढं हुतंय तेवढं करायला कुणाची बंदी हाय?"

मग सुरू झाला तो दिवस. आज आठवला तरी माझ्या नखांत ग्रीस असल्यासारखं वाटतं. आईने नियम घातला होता आणि ती तो तंतोतंत पाळत होती. ग्रीस काढायला मी चमचा मागितला तर म्हणाली, "चमचा न्हाय." उलथनं? "न्हाय." ग्रीसच्या पिशवीचं तोंड कापायला कात्री नाही, म्हणून मी ते दाताने तोडलं, आणि त्या ग्रीसची चव मला अजून आठवते. जॉइंट डिझेलमध्ये बुडवायचा, बोटाने खरवडायचा, चिंधीने पुसायचा, पुन्हा बुडवायचा. गोळ्या एकेक फिरवून त्यांच्या मागची माती काढायची. पकड आणि कापसाने मी हे अर्ध्या तासात उरकलं असतं, आणि नक्की वाईट केलं असतं. हाताने करायचं म्हटल्यावर बोटाला प्रत्येक कण लागत होता. आई तर मिरच्या निवडायला बसावी तशी बसली होती. खडा आहे असं तिला वाटलं की हातातून सोडतच नव्हती.

गोळ्या उघड्या पडल्या तेव्हा शौकतभाईंना हाक मारली. ते नव्या सदऱ्यावर डाग पडू नये म्हणून लांबूनच वाकले. एका गोळीवर बारीक रेघ होती. बाकी सगळ्या आरशासारख्या. ते बराच वेळ बघत राहिले. "गेलाच आसंल म्हटलंतो. गेला न्हाय," ते म्हणाले. "ह्या एकीचं मात्र सांगत न्हाय. वाजंल, न्हाय वाजणार. घाल ग्रीस." आम्ही काळं ग्रीस हाताने दाबून-दाबून प्रत्येक फटीत भरलं. मग मी जॉइंटावर चिंधी गुंडाळली, आणि आधी बारीक पट्टी, मग नवं बूट, हे एक्सलच्या दांड्यावर सरकवून ठेवलं, कारण जॉइंट ठोकल्यावर ते आत जात नाही आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं, असं शौकतभाई पेढा चावत तीनदा ओरडले होते. पुढचं सगळं ठोकण्याचं, आवळण्याचं काम होतं. ते उद्यावर.

आता एवढ्या वर्षांनी, परवाच माझ्या भाच्याने, म्हणजे काकांच्या नातवाने, विजेवर चालणारी नवी गाडी आणली. डिझेल नाही, आवाज नाही, धूर नाही, असं तो मला अभिमानाने दाखवत होता. मी वाकून चाकाच्या आत बघितलं. तेच घड्या-घड्यांचं काळं रबर. मी बोटाने दाबून बघितलं, मऊ होतं. भाचा म्हणाला, "आत्या, काय बघालीस?" मी म्हणाले, "ओळख बघतो." त्याला काही कळलं नाही, आणि समजावून सांगायला मला एवढं सगळं प्रकरण सांगावं लागलं असतं.

दसऱ्याला उजाडायच्या आधीच मी अंघोळ करून पाटासमोर उभी होते. हत्यारांची पूजा उतरवायचा मान घरातल्या कर्त्या पुरुषाचा. तो पहिलं हत्यार उचलतो आणि ज्याने त्यावर काम करायचं त्याच्या हातात देतो. दरवर्षी आण्णा गाडीचा चाकपाना उचलायचे आणि स्वतःच्याच उजव्या हातातून डाव्या हातात घेऊन कपाळाला लावायचे. काम करणारेही तेच होते ना. त्या वर्षी ते काठी टेकत आले, पाटासमोर उभे राहिले. आई म्हणाली, "दादांस्नी बोलवू का?" काका यायचे म्हणजे चहा होणार, गप्पा होणार, आणि दिवस वर येणार. आण्णांनी नको म्हणून मान आडवी हलवली. काठी माझ्याकडे दिली. वाकता येईना म्हणून आईने त्यांना कमरेला धरलं. त्यांनी उजवा हात पुढे केला, तो थरथरत पाटापर्यंत गेला, पण बोटं मिटेनात. पाना दोनदा हातातून निसटला. मी पुढे होणार तोच आईने डोळ्यांनी मला अडवलं. मग त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं पान्याभोवती एकेक करून मिटवली, वरून डावा हात दाबून धरला, आणि दोन्ही हातांनी तो पाना उचलून माझ्यापुढे केला. त्याला झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती.

"घे," ते म्हणाले. "औंदा... तू घे."

मी तो कपाळाला लावला. वाकून त्यांच्या पाया पडले आणि तशीच गाडीखाली गेले. आतलं काम आता हाताला माहीत झालं होतं. जॉइंट ठोकून बसवला, रिंग बसली तो आवाज ऐकला, बूट ओढून पट्ट्या आवळल्या. शौकतभाई दात घासतच आले आणि एक पट्टी पुन्हा आवळायला लावली. एक्सल आत गेला. तेल भरलं. शेवटचा मोठा नट आवळायला पुन्हा आण्णा ब्रेकवर, आई आणि मी पाइपवर. गल्लीत पुरणाचा वास सुटायच्या आत आम्ही बरण्या भरून निघालोसुद्धा.

गल्लीच्या वळणावर मी स्टिअरिंग मुद्दाम पूर्ण वळवलं. आवाज नाही. कागलपर्यंत आम्हा दोघींचे कान चाकाकडेच होते. निपाणीच्या अलीकडे एका वळणाला मागून स्पष्ट आवाज आला, कट-कट, कट-कट. गाडी कडेला घेतली. आई म्हणाली, "पुन्ना हलव." हलवली. कट-कट. आई उतरली, मागचं दार उघडलं आणि बघत राहिली. दोन बरण्या एकमेकींना लागत होत्या. तिने त्यांच्यामध्ये माझी ओढणी कोंबली आणि येऊन बसली. "चल," म्हणाली. मग मात्र आम्ही दोघी उत्तूरपर्यंत हसत होतो. पुढच्या चढावरच्या वळणांना मी मुद्दाम खिडकीची काच खाली केली. डिझेलचा घोगरा आवाज, वाऱ्याचा आवाज, भाताच्या पिकाचा वास. बाकी काही नाही. आजऱ्याच्या दुकानदारबाईंनी दसऱ्याच्या मुहूर्ताची म्हणून पहिली बरणी आमच्यासमोरच उघडली, वरचं आईचं नाव मोठ्याने वाचलं, आणि परतीच्या फेरीचं भाडं म्हणून काजूच्या तुकड्यांचं पोतं गाडीत घालायला लावलं.

परत येईपर्यंत दिवस कलला होता. लोक नवे कपडे घालून दसरा चौकाकडे सोनं लुटायला निघाले होते. आमच्या दारात काका उभे होते, शेजारी फेटा बांधलेले वडगावचे पाहुणे, त्यांच्या हातात नारळ. आणि गल्लीच्या मधोमध, काठीवर भार देऊन, आण्णा. त्यांनी मला दारापर्यंत येऊ दिलं नाही. डावा हात वर केला आणि बोट फिरवलं: वळव. मी स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत वळवलं आणि गाडी हळू पुढे घेतली. आण्णांनी मान वाकडी करून कान दिला. पुन्हा बोट: उलटं. मी उजवीकडे शेवटपर्यंत. समोरच्या गॅरेजातून शौकतभाई बाहेर आले होते, पहिल्यांदाच न ओरडता. गल्लीत डिझेलचा आवाज होता आणि दूर कुठे तरी वाजणारा ताशा. आण्णांनी तिसऱ्यांदा वळवायला लावलं. मला वाटतं, तिसऱ्यांदा ते ऐकत नव्हते, नुसते बघत होते.

मी इंजिन बंद केलं. आण्णा वळले. सदऱ्याच्या खिशातून डाव्या हाताने आपट्याची पानं काढली आणि थोरल्या भावापुढे धरली. आणि जो शब्द त्या दिवशी अडकला होता तो, मान वर करून, नीट उच्चारला.

"दादा, पावण्यास्नी सोनं द्या. गाडी कामात हाय."